वहिनींच्या हातचा चंदेरी रंग

हसमुखभाईंचा फोन आला तेव्हा मी बारडोलीला साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होतो. गाळप सुरू व्हायला अवकाश होता, काचेची भांडी धुऊन फडताळात लावण्याचं काम चाललं होतं. हसमुखभाई म्हणजे सुरतेतल्या ज्या साडी-डिझाइनच्या स्टुडिओत माझ्या प्रमिलावहिनींनी उमेदीची सगळी वर्षं काढली, त्या स्टुडिओचे मालक. एरवी ते फोनवर गुजरातीतच सुरू होतात. त्या दिवशी मात्र माझ्याशी मराठीत बोलले. ‘अरुणभाई, वहिनी गेल्या. सकाळी गेल्या.’ कुणाला तरी विचारून, जुळवून, पाठ करून घेतल्यासारखी ती दोन वाक्यं होती. मग आपल्या भाषेत म्हणाले, ‘एवो हाथ हवे नहीं मळे...’ असा हात आता मिळायचा नाही. फोन ठेवल्यावर मी पुन्हा भांडी पुसायला लागलो. हातातलं काम पुरं करून निघावं असं का वाटलं, कोण जाणे. वहिनींना कळलं असतं तर त्यांना ते पटलं असतं.

वहिनी आजारी होत्या हे आम्हाला माहीत होतं. रक्ताचा आजार होता, उन्हाळ्यातच डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्यामुळे धक्का असा नव्हता. सुरतेत उधन्याला त्यांच्या घरी पोचलो तर घर माणसांनी भरलेलं. धुळ्याकडची, शिरपूरकडची, गल्लीतली. जो तो एकच म्हणत होता, ‘नवऱ्याची सेवा केली बाईने. आजारी माणसाला फुलासारखं सांभाळलं.’ खोटं काहीच नव्हतं त्यात. पण दिवस जात गेले, दहावं झालं, तेरावं झालं, आणि तेच एक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकताना मला काहीतरी टोचत राहिलं. वहिनी सेवा करणाऱ्या होत्या तशा त्या फार मोठ्या कारागीर होत्या. हे त्यांच्या तेराव्याला कुणी बोललं नाही, म्हणून मी लिहायला बसलो आहे.

माझे थोरले भाऊ रघुनाथ, त्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो. शाळा संपवून हवाईदलात गेले, तंत्रज्ञ झाले. विमानाचं अंग म्हणजे पत्रा, पंख, सांधे, खिळे हे त्यांचं खातं. नॅट नावाच्या लहानशा लढाऊ विमानावर त्यांनी कित्येक वर्षं काम केलं. प्रमिलावहिनी शिरपूरच्या. धुळ्याला चित्रकला शिक्षकाची पदविका घेतलेली. लग्न होऊन आल्या आणि दादांबरोबर या तळावरून त्या तळावर फिरल्या. क्वार्टरमधल्या बायका स्वेटर विणायच्या तेव्हा या दारावरच्या पाट्या रंगवून द्यायच्या. दादा नोकरीची मुदत संपवून बाहेर पडले आणि उधन्याच्या एका कापड गिरणीत देखभाल खात्यावर लागले. आमच्या धुळ्याकडची निम्मी माणसं तेव्हा सुरतेतच होती, त्यामुळे परकं असं वाटलं नाही. मीही पुढे त्यांच्या पाठोपाठ बारडोलीला आलो. वहिनींनी मात्र घरात बसायचं नाकारलं. आपल्या चित्रांची गुंडाळी घेऊन त्या एकट्या हसमुखभाईंच्या स्टुडिओत गेल्या. हसमुखभाईंनी त्यांना एक गुलाबाची पाकळी रंगवायला दिली. गडदाकडून फिक्याकडे जाणारी, मध्ये कुठे रेघ दिसायला नको. वहिनींनी ती रंगवली. हसमुखभाई ती पाकळी पुढे कित्येक वर्षं टेबलाच्या काचेखाली ठेवून होते.

त्याच स्टुडिओत परदेशाहून कुणी नातेवाइकाने आणलेला एअरब्रश येऊन पडला होता. पेनासारखं हातात धरायचं ते यंत्र. वर बोटाएवढी वाटी, वाटीत रंग, मागून नळीने येणारी हवा. बोट दाबलं की हवा सुटते, तेच बोट मागे ओढलं की हवेबरोबर रंग सुटतो. किती ओढायचं याचा अंदाज हाताला असावा लागतो, नाहीतर कागदावर शिंतोडे नि डबकी. दोन-तीन कलाकारांनी हात लावून तो बाजूला ठेवून दिला होता. वहिनींनी तो उचलला आणि रद्दी कागदावर रोज थोडा थोडा चालवत राहिल्या. काही महिन्यांनी त्या स्टुडिओतून अशा साड्यांची डिझाइनं निघायला लागली की पदरावरची फुलं धुक्यातून वर आल्यासारखी दिसायची. बाजारात त्या कापडाला नाव कुणाचं होतं ते सोडा, आम्हाला ठाऊक होतं हात कुणाचा आहे. पुढे स्टुडिओत नवीन एअरब्रश आला तेव्हा हसमुखभाईंनी जुना वहिनींनाच देऊन टाकला. म्हणाले, तुमच्याशिवाय तो कुणाचं ऐकणार नाही.

दादांचा छंद लाकडाचा होता. गिरणीतून आले की व्हरांड्यात बसून कोरायचे. त्यांच्या जुन्या तुकडीतल्या माणसांनी पुण्याला एक संमेलन ठरवलं होतं. दादांनी कबूल करून टाकलं की मी आपल्या नॅटची प्रतिकृती करून आणतो, तुकडीच्या सभागृहात ठेवायला. प्रत्यक्ष विमानाच्या दहाव्या हिश्शाएवढी, म्हणजे तीन फुटांच्या आसपास. शेवणीचं लाकूड आणलं. वर्षभर सुट्टीच्या दिवशी ते कोरत होते. मी रविवारी बारडोलीहून जायचो तेव्हा प्रत्येक वेळी लाकडातून थोडं अधिक विमान बाहेर आलेलं असायचं. पत्र्याचे जोड दाखवायला त्यांनी गोधडीच्या सुईने बारीक रेघा कोरल्या होत्या. खिळ्यांचे ठिपकेसुद्धा त्याच सुईने. मी म्हटलं, दादा, हे कोण बघणार आहे? ते म्हणाले, ज्यांनी ते खिळे ठोकले ते बघणार आहेत.

सुरतेत प्लेग आला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. उन्हाळा होता. विमान कोरून, घासून, बारीक खळग्यांत लांबी भरून तयार झालं होतं, फक्त रंग राहिला होता. आणि दादांना गिरणीतच अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला. उजवा हात मात्र गेला, उजवा पाय ओढत चालावं लागे, आणि जीभ जड झाली. सगळ्यात विचित्र म्हणजे हवाईदलातली हिंदी, कामापुरती इंग्रजी, शाळेतली मराठी, सगळं कुठेतरी आत जाऊन बसलं. वर राहिली ती लहानपणी आईकडून ऐकलेली अहिराणी, तीही मोजक्या शब्दांची. ‘हा’, ‘नही’, ‘ऱ्हाऊ दे’. एवढ्यावर ते दिवस काढायचे. विमान पलंगासमोरच्या स्टुलावर ठेवलेलं होतं. ते त्याच्याकडे बघत पडून असायचे. असं दुसरं विमान त्या हातातून आता कधीच निघणार नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं आणि आम्हालाही.

उधन्यातल्या एका गॅरेजच्या रंगाऱ्याला मी बोलावून आणलं. त्याने विमान फिरवून पाहिलं आणि म्हणाला, गाड्या रंगवायच्या पिस्तुलाने तासाभरात मारून देतो. वहिनींनी त्याला चहा दिला आणि परत पाठवलं. मला म्हणाल्या, ‘भाऊजी, पिस्तुलाचा रंग जाड बसतो. यांनी सुईने कोरलेल्या रेघा बुजून जातील. मी करते.’ दादा पलंगावरून ‘नही’ म्हणाले. वहिनींनी ते ऐकलं, आणि पदर खोचून कपाटातून एअरब्रश काढला.

दादांचं ‘नही’ मी समजू शकत होतो. वहिनींनी आयुष्यभर कागदावर पाण्याचे रंग उडवले होते. इथे लाकूड, त्यावर चंदेरी लॅकर, आणि पाण्याच्या जागी थिनर. चंदेरी रंग फार निर्दय असतो, खालचा एकूणएक ओरखडा तो दाखवून देतो आणि चूक झाली की वरून झाकता येत नाही. शिवाय वहिनींनी ते विमान त्या रंगात डोळ्यांनी नीट पाहिलंही नव्हतं. घरात होता तो एकच काळा-पांढरा फोटो. खरा रंग दादांच्या डोक्यात होता, आणि दादांना बोलता येत नव्हतं. वहिनींनी त्यावर तोड काढली. पोस्टकार्डाच्या पट्ट्या कापल्या. चंदेरीत थेंबभर काळा, थेंबभर तपकिरी, थेंबभर निळा मिसळून एकेक पट्टी रंगवली आणि दादांसमोर धरली. ‘हा’ आलं की पट्टी एका बाजूला, ‘नही’ आलं की दुसऱ्या. त्यातून त्यांना समजलं की विमानाचा चंदेरी हा एक रंग नसतोच. प्रत्येक पत्र्याची छटा वेगळी, आणि शेपटाकडे, जिथून आग बाहेर पडते, तिथे तो निळसर-तपकिरी जळलेला. मला म्हणाल्या, ‘पाकळीसारखंच आहे हो. मी उगाच घाबरत होते.’

आणि मग एअरब्रशने दगा दिला. पहिल्याच दिवशी रंगाच्या वाटीत बुडबुडे यायला लागले. हवा पुढे जायच्या ऐवजी उलटी वाटीत शिरत होती, आणि रंग उकळल्यासारखा वर येऊन सांडत होता. वहिनींनी तो पूर्ण उघडला. आतलं बारीक रबराचं वायसर थिनरने फुगून मऊ चिकट झालं होतं. पाण्याच्या रंगांनी त्याला इतकी वर्षं काही झालं नव्हतं. तसलं वायसर सुरतेत मिळेना, मुंबईलाही मी एकाला विचारायला लावलं, तिथेही नाही. दोन दिवस वहिनी घरातली प्रत्येक वस्तू त्या नजरेने बघत होत्या. शेवटी रॉकेलच्या स्टोव्हच्या पंपात असतं ते चामड्याचं वायसर त्यांनी आणलं, तेलात भिजवलं, आणि त्यातून धारदार पात्याने तांदळाच्या कणीएवढी चकती कापली. पहिल्या कित्येक चकत्या फुकट गेल्या. एक बसली. बुडबुडे थांबले.

त्यांनी राखाडी अस्तर मारलं, ते सुंदर बसलं. दादांनी या वेळी ‘नही’ म्हटलं नाही. मग चंदेरीची वेळ आली. शेपटाकडून सुरुवात करून त्या पुढे येत होत्या. तो रविवार होता, मी दारात उभा राहून बघत होतो. पंख झाले, पाठ झाली, नाकाडाशी आल्या, आणि एअरब्रश एकदम थुंकला. दुसरा शब्द नाही त्याला. पाण्याचा एक थेंब आणि त्याबरोबर रंगाच्या गुठळ्या थेट नाकाडावर बसल्या, आणि पाणी त्यातून वाट काढत खाली ओघळलं. वहिनींचा हात जागच्या जागी थांबला. पलंगावरून दादांनी डावा हात गादीवर आपटला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, ‘ऱ्हाऊ दे... ऱ्हाऊ दे.’

त्या क्षणी मी वहिनींच्या जागी असतो तर राहू दिलं असतं. त्यांनी एअरब्रश खाली ठेवला, हात पुसले, आणि आतून बारीक पॉलिश पेपर आणि पाण्याची वाटी घेऊन आल्या. दादांच्या डोळ्यांसमोर, पेपर पाण्यात बुडवून त्यांनी ते नाकाड घासायला सुरुवात केली. चंदेरी गेला, अस्तर गेलं, लाकूड दिसायला लागलं. दादांनी डोळे मिटून घेतले. वहिनी घासत राहिल्या. मध्येच थांबून त्यांनी दादांचा डावा हात उचलला आणि त्याचं बोट त्या उघड्या लाकडावर ठेवलं. सुईच्या रेघा जशाच्या तशा होत्या. एकही बुजली नव्हती. एवढ्यासाठीच त्या गॅरेजवाल्याला परत पाठवलं होतं, हे दादांना तेव्हा बोटाने समजलं असावं. त्यांनी डोळे उघडले.

आता प्रश्न होता तो पाण्याचा. हसमुखभाईंनी दिलेला छोटा कॉम्प्रेसर श्रावणातली सुरतेची दमट हवा खेचत होता, ती तापवून नळीत पाठवत होता, आणि नळीत ती थंड होऊन तिचं पाणी होत होतं. मी प्रयोगशाळेतला माणूस, मी हवा कोरडी करण्याचे दोन-तीन उपाय सांगितले. ते चुकीचे नव्हते, पण त्यांना लागणारं सामान उधन्याच्या त्या घरात मांडणं अवघड होतं. वहिनींनी ऐकून घेतलं आणि त्यातलं नेमकं तेवढं उचललं. म्हणजे हवा तापू द्यायची नाही, आणि पाण्याला खाली बसायला वेळ द्यायचा. दुसऱ्या रविवारी मी गेलो तर पुढच्या खोलीत भिंतीला टेकून टेम्पोचं एक जुनं चाक उभं होतं, टायर-ट्यूबसकट. कोपऱ्यावरच्या टायरवाल्याकडून मागून आणलेलं. संध्याकाळी त्यात हवा भरायची, व्हॉल्व्ह वरच्या बाजूला राहील असं रात्रभर उभं ठेवायचं. पाणी खाली टायरात बसतं, वरून कोरडी, थंड, एकसारखी हवा मिळते. वीज गेली तरी काम थांबत नाही, कॉम्प्रेसरची थरथर नाही, आवाज नाही.

त्या चाकात हवा भरायला मात्र ते दर वेळी कोपऱ्यापर्यंत न्यावं लागे. मी रविवारचाच पाहुणा. इतर दिवशी वहिनी ते स्वतः नेत. साडीचा काचा मारून, दोन्ही हातांनी टेम्पोचं चाक ढकलत गल्लीतून चाललेल्या माझ्या वहिनी मी एकदा स्टेशनवरून येताना लांबून पाहिल्या. ओट्यावर बसलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. वहिनी त्यांच्याकडे बघून हसल्या, आणि चाक सरळ ठेवून पुढे गेल्या. त्यांची मुलगी वैशाली तेव्हा कॉलेजात होती. तिने मला सांगितलं की सुरुवातीला तिला लाज वाटायची, मैत्रिणी दिसल्या की ती घरात पळायची. मग एक दिवस तीच दुसऱ्या बाजूने ढकलायला लागली.

एवढं करूनही रंग नीट सुटेना. आता थुंकी नव्हती, पण फवारा डावीकडे ओढत होता आणि कडेला खरखरीत ठिपके पडत होते. वहिनी विमानाला हात न लावता स्टीलच्या डब्यावर रोज फवारे मारून बघत होत्या. रंग पातळ केला, जाड केला, हवा कमी केली, वाढवली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. ही शिस्त मला कारखान्यात शिकवून शिकवून रुजली, वहिनींची ती उपजत होती. वायसर चांगलं, हवा कोरडी, रंग बरोबर, म्हणजे राहिली ती सुई. एअरब्रशच्या पोटातून टोकापर्यंत जाणारी केसासारखी निमुळती सुई. डोळ्यांना ती सरळच दिसत होती. समोरच्या इमारतीत हिऱ्यांना पैलू पाडणारे लालजीभाई राहायचे, वहिनी सुई घेऊन त्यांच्याकडे गेल्या. त्यांनी हिरा बघायचं भिंग डोळ्याला लावून टोक पाहिलं आणि भिंग वहिनींना दिलं. टोकाला मासे धरायच्या गळासारखा वाक होता. इतका बारीक की भिंगाशिवाय तो कुणालाच कधी दिसला नसता. लालजीभाई म्हणाले, द्या, मी सरळ करून देतो. वहिनी म्हणाल्या, ‘फक्त भिंग द्या. सुई माझी आहे, तिचा वाक माझ्याच हाताला कळेल.’

भिंग डोळ्याला लावून, तेल लावलेल्या गुळगुळीत दगडावर सुई बोटांत फिरवत फिरवत त्यांनी तो वाक काढला. दोन-चार दिवस त्याच कामात गेले. स्वयंपाक, दादांचं आवरणं, औषधं, त्यांना धरून चालवणं हे सगळं होतंच. उरलेल्या वेळात ही सुई. एका सकाळी त्यांनी डब्यावर फवारा मारला आणि डब्यावर श्वास सोडल्यासारखा एक चंदेरी धूसर गोल उमटला. कडा नाही, ठिपका नाही. त्यांनी तो डबा दादांपुढे नेला. दादा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘हा.’

ज्या दिवशी विमान पुन्हा रंगवलं त्या दिवशी मी रजा काढून गेलो होतो. उधन्याच्या हवेत गिरण्यांतल्या कापडाची बारीक तूस सतत उडत असते, ती ओल्या रंगावर बसली तर सगळंच संपलं. म्हणून खिडक्या बंद, पडदे ओले, फरशीवर पाणी मारलेलं. थिनरच्या वासाचं कारण सांगून मी दादांना बाहेर न्यायला बघितलं. ते हलेनात. वहिनी म्हणाल्या, ‘असू द्या त्यांना. रंग त्यांच्या डोळ्यांत आहे, मी कुणाकडे बघून करू?’ दादांच्या नाकाला रुमाल बांधला, त्यांना खुर्चीत बसवलं आणि आम्ही दाराच्या फटीतून बघत राहिलो. वहिनींचा हात चालायचा. दादा मान तिरकी करून उजेडात बघायचे, पुरे झालं की डाव्या हाताने खुर्चीच्या दांड्यावर टकटक करायचे, हात थांबायचा. पुढचा पत्रा, पुढची छटा. शेपटीपाशी त्या निळसर-तपकिरी रंग आणून थांबल्या आणि मागे वळून बघितलं. दादांनी अंगठा आणि बोट जरासं फाकवून दाखवलं, एवढंच. वहिनींनी तेवढंच केलं. त्या दोघांचा संसार मी लहानपणापासून बघत आलो होतो, पण तो त्या दिवशी पाहिला तसा कधी पाहिला नव्हता...

दसऱ्यानंतर आम्ही तिघं पुण्याला गेलो. विमान लाकडी पेटीत, जुन्या साड्यांच्या घड्यांत बसवलेलं. सभागृहात पांढऱ्या केसांची माणसं जमली होती, एकमेकांना तरुणपणीच्या नावांनी हाका मारत होती. दादांना त्या अवस्थेत बघायची तयारी नव्हती कुणाची. पेटी उघडली. मी विमान टेबलावर ठेवलं. खिडकीतून उजेड येत होता आणि त्या लाकडाला पत्र्याचं वजन आलं होतं. दादांचे तेव्हाचे अधिकारी, आता चांगलेच म्हातारे, काठी टेकत आले. वाकून त्यांनी शेपटीपासून नाकाडापर्यंत बघत आणलं, मग बोटाने शेपटीजवळच्या त्या जळक्या छटेला हलकेच स्पर्श केला. लगेच हात मागे घेतला, तापलेलं असल्यासारखा. स्वतःच हसले. म्हणाले, ‘रघुनाथ, हाथ वही है तुम्हारा.’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दादा मान हलवत होते. टाळ्या थांबेपर्यंत हलवत राहिले. मग खुर्चीचा दांडा धरून, मला बाजूला सारून, ते एकटे उभे राहिले. शब्द जुळवायला त्यांना फार वेळ लागला. ते म्हणाले, ‘रंग मी नही दिन्हा.’ डाव्या हाताने त्यांनी वहिनींकडे बोट केलं. ‘इनी दिन्हा.’

आजारपणानंतर त्यांनी बोललेलं ते सगळ्यात लांब वाक्य होतं. अहिराणी तिथे कुणाला समजली नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सांगणार, तेवढ्यात वहिनी पुढे आल्या. त्या घरी बोलायच्या तशाच शांतपणे म्हणाल्या, ‘लकड़ी इनकी है. रंग मेरा है.’ खाली मान नाही, पदराशी चाळा नाही. मला आजही माझ्या आयुष्यातल्या अभिमानाच्या जागा कुणी विचारल्या तर मी आधी ती सांगेन. त्या म्हाताऱ्या अधिकाऱ्याने काठी डाव्या हातात घेतली आणि वहिनींना कडक सलाम केला. टेबलावरच्या पितळी पट्टीवर फक्त दादांचं नाव कोरलं होतं. ती पट्टी त्या अधिकाऱ्यांनी तिथल्या तिथे काढायला लावली, आणि पुढे दोन नावांची पट्टी लागल्याचा फोटो टपालाने उधन्याला आला.

त्यानंतरची वर्षं वहिनींनी घरूनच काम केलं. हसमुखभाई डिझाइनं घरी पाठवायचे. रविवारी गल्लीतल्या मुली रंग शिकायला यायच्या. ओट्यावर बसून हसणाऱ्या बायकांच्याच त्या मुली. त्यांतल्या दोघी-तिघी आज सुरतेतल्याच पर्वत पाटियाकडच्या स्टुडिओत डिझाइनर आहेत, तेराव्याला आल्या होत्या, कोपऱ्यात बसून रडत होत्या. दादाही हळूहळू सावरले. बोलणं फारसं परतलं नाही, पण डाव्या हाताने ते रंगांच्या बाटल्या धुवायला, थिनर गाळून ठेवायला शिकले. शेवटच्या उन्हाळ्यात वहिनींना बसवत नव्हतं, तरी त्या उशीला टेकून एखाद्या मुलीचा कागद हातात घ्यायच्या आणि कुठे हात घाई करतोय ते दाखवायच्या.

मागच्या आठवड्यात मी उधन्याला गेलो होतो. दिवाळी जवळ आली, वैशालीने घराला रंग द्यायला माणूस लावला आहे. वहिनींच्या टेबलामागे भिंतीवर परातीएवढा एक ढग आहे. एअरब्रश हातात घेतला की कागदाला लावण्याआधी पहिला फवारा त्या नेहमी तिथे मारायच्या, रंग कसा सुटतोय ते बघायला. वर्षानुवर्षं एकावर एक बसत गेलेले ते फवारे आहेत. गुलाबी, मोरपंखी, शेंदरी, राखाडी, आणि खाली कुठेतरी थोडासा चंदेरी. रंगाऱ्याला वाटलं ओल आली आहे. खरवडायची पत्री हातात घेऊन तो पुढे झाला आणि हिंदीत विचारायला लागला की हा डाग कशाचा, आत पाइप फुटलाय का.

दादा खुर्चीतून उठले. पाय ओढत भिंतीपर्यंत गेले आणि त्या ढगापुढे उभे राहिले.

‘डाग नही,’ ते म्हणाले. ‘काम शे.’

रंगाऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याला एवढंच सांगितलं की हा डाग नाही, काम आहे, एवढी जागा सोड, बाकी भिंत रंगव. तो चांगला माणूस होता. त्याने कडेने कागद लावला, चिकटपट्टी मारली, आणि ती चौकट सोडून भोवतीने पांढरा रंग द्यायला लागला. दादा शेजारी उभे राहून त्याचा हात नीट चालतोय का ते बघत होते.